आईची बोटे आणि उंदरांचा आहार

वाचकहो! पुढील पृष्ठांमध्ये एका वनस्पतीच्या अंगी असलेल्या सौम्य गुणाची, एका शिवणकाम करणाऱ्या मातेच्या सुजलेल्या बोटांची, आणि त्या दोहोंच्या मध्ये उभ्या ठाकलेल्या एका कन्येच्या नजरेची कथा यथामति निवेदन करण्यात येत आहे. या कथेत राजा नाही, राक्षस नाही. उंदीर मात्र पुष्कळ आहेत. ज्यांना उंदरांची किळस आहे त्यांनी धीर धरावा, कारण हे उंदीर अत्यंत स्वच्छ असून त्यांची निगा आपल्यापैकी अनेकांहून बरी राखली जात असे.

कथेचा आरंभ गोळ्यांच्या एका डबीपासून होतो.

त्या मातेची थोरली मुलगी त्या दिवशी प्रयोगशाळेतून लवकर घरी परतली होती. तिच्या कोटाचे बटण तुटले होते म्हणून तिने आईच्या शिवणयंत्राच्या खणात हात घातला. रिळे, खडूचे तुकडे आणि मोजमापाची फीत यांच्या गर्दीत आईच्या सांध्यांच्या गोळ्यांची डबी तिच्या हाती लागली. एव्हाना ती रिकामी होत आलेली असावयास हवी होती. प्रत्यक्षात ती गच्च भरलेली होती.

"आई, ह्या गोळ्या?"

आई खिडकीपाशी बसून एका जाड कोटाला अस्तर लावीत होती. तिने मान वर केली नाही. "ठेव तिथेच. सुई शोधताना उगीच हाताला लागतात मेल्या."

"तू घेत नाहीस?"

"बंद केल्या."

"कधीपासून?"

"तू नाचत घरी आली होतीस ना, त्या दिवसापासून."

थोरलीच्या पायांखालची जमीन सरकली. कारण तो दिवस तिला पुरता आठवत होता, आणि त्या दिवशी ती खरोखरच नाचत आली होती.

येथे वाचकांस थोडे शास्त्र सांगणे अगत्याचे आहे. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशी ही एखाद्या लहानशा कारखान्यासारखी असते, आणि तिच्या आत धोक्याचा एक भोंगा असतो. जंतू शिरला, जखम झाली, की हा भोंगा वाजतो. मग रक्ताची धाव सुरू होते, अवयव लाल होतो, सुजतो, तापतो. यालाच दाह म्हणतात. दाह हा मूलतः शत्रू नव्हे, तो पहारेकरीच होय. परंतु काही माणसांच्या सांध्यांत चोर नसतानाच भोंगा वाजू लागतो आणि थांबत नाही, आणि पहारेकरी चोर सापडेना म्हणून घरच्याच माणसांना बडवीत सुटतात. आईच्या बोटांत नेमके हेच चालले होते.

आता सोयाबीनसारख्या काही वनस्पतींत आयसोफ्लेव्होन नावाचे द्रव्य असते. त्याची चेहरेपट्टी स्त्रीच्या शरीरातील एका रसायनाशी मिळतीजुळती असते. एखाद्या घरी मालकाचा चुलतभाऊ आला असता त्याच्या चेहऱ्याकडे पाहून नोकर जसा त्याला आत घेतो, तसेच पेशी या द्रव्याला आत घेते. आणि हा पाहुणा आत गेल्यावर भोंग्याचा आवाज थोडा बारीक करतो. भोंगा तो बंद करीत नाही, केवळ बारीक करतो. थोरलीने काचेच्या बशीत वाढविलेल्या पेशींना मुद्दाम चिथावले, काही बशांत हे द्रव्य घातले, काहींत घातले नाही. आणि ज्यांत घातले होते त्या पेशी स्पष्टपणे शांत राहिल्या. हेच ती नाचत येऊन घरी सांगती झाली होती.

"अगं, त्या बशीतल्या पेशी होत्या!" थोरली म्हणाली. "बशीत हाडं नसतात, पोट नसतं, काही नसतं. शितावरून भाताची परीक्षा होते. पेशीवरून माणसाची होत नाही!"

"त्या दिवशी हे नाही म्हणालीस. त्या दिवशी म्हणालीस, भोंगा गप्प झाला."

"बारीक झाला म्हणाले असेन."

"मला गप्प ऐकू आलं." आईने दोरा दातांनी तोडला, कारण कात्रीच्या कड्यांत तिची बोटे हल्ली जात नसत. "त्या गोळ्यांनी माझं पोट जळतं, तोंडाची चव जाते. आणि माझ्या पोटची पोर घरात औषध शोधत असताना मी परक्याच्या गोळ्या का गिळू?"

रागावणे सोपे असते. एवढ्या विश्वासावर रागावणे फार कठीण.

ही दोन खोल्यांची जागा एका धुलाईच्या दुकानावर होती. खालून साबणाची ऊब आणि यंत्रांची घरघर सदोदित वर येत असे. वडील वारल्यापासून आईने याच खिडकीत बसून कोट, पडदे आणि गणवेश शिवले व दोन्ही मुलांना वाढविले. थोरली शिकली आणि प्रयोगशाळेत लागली. धाकटा उंच इमारतींतील लिफ्ट दुरुस्त करीत असे, आणि त्याची जीभही त्या यंत्रासारखीच सतत वरखाली होत असे. डॉक्टरांनी आईस स्पष्ट बजावले होते, की ही सूज नुसती दुखत नाही, ती आतून हाड खाते. आणि बोट एकदा वाकडे झाले की ते सरळ करणारे औषध जगात नाही. शिवणारीची बोटे गेली म्हणजे काय गेले, हे सांगण्यास पंडित नको.

"उद्यापासून गोळ्या सुरू कर," थोरली म्हणाली.

"तुझ्या उंदरांचा निकाल येऊ दे. मग बघू."

"उंदरांचा आणि तुझा काय संबंध?"

"ते तू मला सांगायचं. तू शिकलीस."

एवढ्यात धाकटा जेवावयास आला. त्याने पातेल्यावरचे झाकण उचलले आणि तसेच परत ठेवले. "पुन्हा सोया!"

"गुणकारी असतं," आई म्हणाली.

"आई, सकाळी सोयाचं दूध, दुपारी डब्यात सोया, पावात सोयाचं पीठ. काल लिफ्टमध्ये एक बाई म्हणाल्या, काहीतरी भिजत घातल्याचा वास येतोय. तो मीच होतो!"

"जास्त बोललास तर न्याहारीलाही उकडून घालीन."

थोरलीच्या प्रयोगशाळेत तळमजल्यावर उंदीरघर होते. तेथील व्यवस्था एक वयस्क गृहस्थ पाहत. त्यांना सारे उंदीरकाका म्हणत, आणि तेही या नावाचा राग न मानता उलट मिरवीत. प्रत्येक पिंजऱ्याशी ते बोलत. "काय हो, आज पाणी कमी प्यालात?" असे विचारीत, आणि उत्तर मिळाल्यासारखी मान हलवीत.

थोरलीच्या प्रयोगाची रीत अशी होती. काही उंदरांच्या पायांच्या सांध्यांत एक रसायन टोचून दाह उत्पन्न केला होता. त्यांतील अर्ध्यांना वनस्पतीचे ते द्रव्य रोज देण्यात येई, आणि त्यांच्या पिंजऱ्यांवर हिरवी चिठ्ठी असे. उरलेल्या अर्ध्यांना नुसते पाणी, आणि त्यांच्यावर पांढरी चिठ्ठी. मग धातूच्या एका मोजणी-चिमट्याने सर्वांच्या पावलांची जाडी मोजावयाची. हिरव्या चिठ्ठीच्या उंदरांची पावले कमी सुजली तर प्रयोग यशस्वी.

डबी सापडल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरली पावले मोजण्यास बसली. एरवी हे काम ती गुणगुणत करी. त्या दिवशी प्रत्येक पावलाच्या जागी तिला आईची बोटे दिसत होती. हिरव्या चिठ्ठीचा एक उंदीर तिने हातात घेतला, त्याच्या पावलाला चिमटा लावला, आणि आकडा मनासारखा येईना म्हणून तिच्याही नकळत चिमटा किंचित अधिक दाबला गेला. सुजलेला भाग मऊ असतो. दाबला की आकडा कमी येतो. उंदीर चिरकला आणि त्याने पाय ओढून घेतला.

"अहो ताई, हळू!" काका ओरडले. "आज हात जड का पडतोय?"

थोरली आपल्या हाताकडे पाहत राहिली. आजवर तिने एवढेसेदेखील खोटे मोजमाप घेतले नव्हते. तिने तो आकडा खोडला, थोडा वेळ बाहेर जाऊन उभी राहिली, आणि परत येऊन सर्व पावले पहिल्यापासून पुन्हा मोजली. या वेळी जपून, हलक्या हाताने. परंतु आपल्या हाताचा भरवसा उडाल्याची जी चरचर तिच्या मनास लागली होती, ती हात धुऊन जाण्यासारखी नव्हती.

निकाल लागला तो असा, की हिरवे आणि पांढरे यांत काडीचाही फरक नव्हता. सर्वच उंदीर थोडेथोडे सुजले होते, आणि सारखेच.

प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सर्वजण मोठे सर म्हणत, ते कोरड्या स्वभावाचे पण न्यायी गृहस्थ होते. त्यांनी आकडे दोनदा पाहिले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "पेशी हो म्हणाल्या, उंदीर नाही म्हणाले. असं होतं. नेहमीच होतं."

"सर, अजून एकदा..."

"त्याच वाटेने पुन्हा गेलं तर त्याच गावाला पोचणार. काही नवं कारण सापडलं तर माझ्याकडे या. नाहीतर पुढच्या आठवड्यात हे काम मिटवून टाकू. तुमची मेहनत वाया गेली असं समजू नका हं. नाही हेसुद्धा उत्तरच असतं."

थोरली घरी गेली ती एक निश्चय करून. निकाल वाईट खरा, पण त्यातून एक बरे निघेल. आई आता गोळ्या घेईल. तिने चपला काढल्या, आईसमोर बसली आणि सरळ सांगितले, "आई, उंदरांना काही फरक पडला नाही."

आईने हातातला कोट मांडीवर ठेवला. तिची बोटे त्या दिवशी एवढी फुगली होती की अंगठी काढून तिने गळ्यातल्या साखळीत ओवली होती. मग म्हणाली, "उंदरांना काय कळतंय!"

"आई!"

"मला फरक पडतोय ना. कालच्यापेक्षा आज बरं आहे."

"मूठ वळून दाखव."

आईने मूठ वळली नाही. तिने कोट पुन्हा उचलला.

"डोंगर पोखरून उंदीर काढला म्हणतात," धाकटा दारातून म्हणाला, "आमच्या ताईने उंदीर पोखरून काहीच काढलं नाही!" पण बहिणीचा चेहरा पाहून तो ओशाळला आणि जवळ येऊन बसला. "आई, खरं सांग. तुला फरक पडतोय हे तू कशाशी ताडून बघतेस? मी तुझंच खातो, ताई तुझंच खाते. खालच्या धुलाईवाल्या मावशींनासुद्धा तू वाटी पोचवतेस. या अख्ख्या इमारतीत सोया न खाणारा माणूस शोधून दाखव! अगं, फरक दिसायला एक तरी न खाणारा हवा ना!"

"तू खाल्लं नाहीस तर बाहेरचं अरबट-चरबट खाशील," आई म्हणाली.

धाकट्याने या अरबट-चरबटावर दिलेले उत्तर थोरलीच्या कानावर पडलेच नाही. ती उठून उभी राहिली होती. "पुन्हा म्हण," ती त्याला म्हणाली.

"काय? अरबट-चरबट?"

"त्याच्या आधीचं."

"एक तरी न खाणारा हवा."

सकाळी उंदीरघराचे दार उघडण्यापूर्वीच थोरली तेथे हजर होती. काका किल्ल्या खुळखुळवीत आले.

"काका, आपले उंदीर रोज काय खातात?"

"काय म्हणजे? खाणं खातात." त्यांनी पोत्यातून तपकिरी, कडक कांड्यांची ओंजळ काढून दाखविली. "नेहमीचं. मी इथे लागलो तेव्हापासून हेच आहे. एकाची तब्येत कधी बिघडली नाही. माझ्या पोरांच्या खाण्याला नावं ठेवायची नाहीत, आधीच सांगतो."

"नावं नाही ठेवत. एक कांडी द्या."

तिने ती कांडी खलात कुटली आणि भुकटी नाकाशी नेली. तो वास तिच्या परिचयाचा होता. गेले कित्येक दिवस त्याच वासाने तिच्या घरातील पडदे, उशा आणि धाकट्याचा गणवेश भरून गेले होते.

वाचकहो, काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. प्रयोगशाळेत उंदरांचे वजन विचारले जाई, वय विचारले जाई, खोलीचे तापमान विचारले जाई, पिंजऱ्यातील भुसा कोणत्या लाकडाचा हेदेखील विचारले जाई. परंतु खाणे 'नेहमीचे' होते, आणि जे नेहमीचे असते त्याची चौकशी कोणी करीत नाही. मोठ्या सरांनी केली नव्हती, थोरलीने केली नव्हती, त्यांच्याआधी तेथे काम करून गेलेल्यांनीही केली नव्हती.

केवळ नाकावर विसंबून चालणार नव्हते. द्रवातील घटक निरनिराळे करून दाखविणारे एक यंत्र वरच्या मजल्यावर होते. थोरलीने त्यात कांडीचा अर्क घातला, आणि पांढऱ्या चिठ्ठीच्या उंदरांच्या रक्ताचा थेंबही घातला. म्हणजे ज्यांना काहीच दिले नव्हते त्यांच्या रक्ताचा. पडद्यावर रेघ सरळ चालत आली, आणि जेथे आयसोफ्लेव्होनचे शिखर दिसावयाचे तेथेच ती ताठ उभी राहिली. दोन्हींत.

मोठ्या सरांनी पडद्याकडे पाहिले. मग खुर्ची ओढून बसले आणि पुन्हा पाहिले. "म्हणजे न दिलेल्यांनाही आपण देतच होतो."

"रोज, सर. पोटभर."

"आणि मी म्हणत होतो, उंदीर नाही म्हणाले." त्यांनी कपाळावर हात मारला आणि ते चक्क हसले, त्यांस हसताना पाहण्याचा योग थोरलीस प्रथमच आला. "त्यांना आपण विचारलंच नव्हतं की हो! सोया नसलेलं खाणं मागवा. नव्या दमाचे उंदीर घ्या. पहिल्यापासून करा."

उंदीरकाका मात्र दुखावले. "म्हणजे माझ्यामुळे झालं?"

"तुमच्यामुळे नाही, काका. तुम्ही त्यांना चांगलं खायला घातलंत. फारच चांगलं घातलंत, एवढंच."

"मग ठीक," ते म्हणाले, आणि तरीही दिवसभर त्यांनी पिंजऱ्यांशी संभाषण केले नाही.

प्रयोगाचा मार्ग असा मोकळा झाला. परंतु थोरलीच्या मनातील गाठ सुटली नव्हती. नवे उंदीर येतील, नवे खाणे येईल; पण मोजणारा हात जुनाच राहणार, आणि त्या हाताने एकदा चिमटा दाबला होता. तिने सरांस विनंती केली, की या खेपेस चिठ्ठ्यांचे रंग नकोत. द्रव्य कोणाला द्यायचे हे काकांनी ठरवावे, रोज स्वहस्ते द्यावे, त्याची खूण-यादी सरांपाशी बंद पाकिटात ठेवावी, आणि आपल्याला शेवटपर्यंत काही कळू नये. सरांनी ते तत्काळ मानले. तथापि तिला ठाऊक होते, की एवढ्याने भागत नाही. डोळ्यांवर पट्टी बांधता येते. मनावर कशी बांधावी?

त्या संध्याकाळी ती आईजवळ गेली. आई कोटाला काज करीत होती. करीत होती म्हणण्यापेक्षा करू पाहत होती. सुई बोटांतून निसटे, ती वाकून उचली, पुन्हा निसटे. थोरलीने सुई उचलून दिली नाही. ती खाली जमिनीवर बसली आणि तिने आईचा हात आपल्या हातात घेतला. तो गरम लागत होता.

"आई, नवा प्रयोग करायला सर हो म्हणाले."

"बघ! मी म्हटलं नव्हतं?"

"पण मला तो करता येणार नाही."

"का गं? अंगात बरं नाही का?"

"मागच्या वेळी मोजताना मी चिमटा दाबला." थोरलीचा स्वर खाली गेला. "मुद्दाम नाही. पण दाबला. त्या उंदराचा पाय मला तुझं बोट दिसत होता. निकाल चांगला आला नाही तर तुझे हात जातील, असं मनात घेऊन मी मोजायला बसते. असं मोजलेलं कधी खरं येईल का, सांग."

खाली धुलाईचे यंत्र थांबले आणि पुन्हा सुरू झाले.

"कापड फाटेल अशी भीती मनात ठेवून कापायला घेतलं," ती हळूहळू म्हणाली, "की कात्री वाकडीच जाते."

"तसंच."

"म्हणजे माझी बोटं तुझ्या कात्रीखाली आहेत."

"हो. ती काढून घे, आई. गोळ्या सुरू कर. पोट जळतं तर डॉक्टरांना सांगू, ते बदलून देतील. माझं औषध होईल तेव्हा होईल, कदाचित होणारही नाही. पण तू बरी असलीस तर 'नाही' असं आलेलं उत्तरसुद्धा मला नीट लिहिता येईल."

आईने आपला हात सोडवून घेतला. थोरलीस वाटले, झाले, पालथ्या घड्यावर पाणी. पण आई उठली, खणापाशी गेली, डबी घेऊन आली आणि मुलीसमोर धरली.

"झाकण उघड. माझ्याने फिरत नाही." आणि मग जरा थांबून, "हे तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही हं. समजलीस ना?"

"समजले."

"मग रडतेस कशाला? पाणी आण. नुसती गोळी घशात अडकते."

डॉक्टरांनी गोळी बदलली, पोट सांभाळणारी दुसरी जोडीला दिली, आणि मधल्या काळात न कळवता औषध सोडल्याबद्दल आईस असे काही सुनावले की ती घरी येईपर्यंत तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी गप्प होती. "एवढं तर माझ्या सासूनेही कधी ऐकवलं नव्हतं," असे ती जिना चढून आल्यावर म्हणाली. सूज एकदम उतरली नाही. आधी सकाळचा ताठरपणा कमी झाला, मग मूठ अर्धी वळू लागली, मग एके दिवशी साखळीतील अंगठी बोटात परत गेली. त्या दिवशी धाकट्याने तिचा हात धरून घरभर मिरवणूक काढली, आणि आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "जोर आला की!" तो ओरडला.

इकडे उंदीरघरात नवे पिंजरे लागले होते. काकांचा रुसवाही गेला होता. ते नव्या कांड्या स्वतः चावून पाहत आणि "बेचव आहे, पण खातात बिचारे" असे म्हणत. कोणत्या पिंजऱ्यास द्रव्य मिळते हे त्यांनी इतके गुप्त ठेवले होते, की थोरली आत आली असता ते तिच्याशी हवापाण्याव्यतिरिक्त काही बोलत नसत, आणि हवापाण्याचेही जपूनच बोलत. थोरली मोजीत होती. चिमटा हलका पडत होता. आकडा लहान आला तरी ती लिही, मोठा आला तरी लिही, आणि पुढच्या पिंजऱ्याकडे वळे. तिला पुन्हा गुणगुणता येऊ लागले होते. यावरून तिच्या मनाची स्थिती वाचकांनी जाणावी.

ज्या दिवशी ती खूण-यादी उघडली त्या दिवशी मोठे सर, थोरली आणि काका एका लहान टेबलाभोवती उभे होते. सरांनी दोन रंगांनी आकडे मांडले. ज्यांना सोया नसलेले खाणे आणि नुसते पाणी मिळाले होते, त्यांची पावले चांगलीच सुजली होती. ज्यांना द्रव्य मिळाले होते तीही सुजली होती, पण स्पष्टपणे कमी. आणि त्यांच्या सांध्यांत दाहाच्या खुणाही कमी सापडल्या होत्या. सारेच बरे झाले नव्हते. काहींवर तर त्या द्रव्याचा काही परिणामच दिसला नव्हता. परंतु फरक होता, आणि तो मोजणाऱ्याच्या मनातून आलेला नव्हता.

"भोंगा बारीक झालाय," थोरली म्हणाली.

"बारीक झालाय," सर म्हणाले. "बंद झालाय असं कुणाला सांगू नका. घरी तर अजिबात नको."

"घरचे आता शहाणे झालेत, सर."

"ज्यांच्यावर परिणाम नाही झाला, त्यांच्यावर तो का नाही झाला? तोच आता पुढचा प्रश्न. मला वाटतं त्यांच्या पोटातले जंतू वेगळे असावेत. तेच जंतू हे द्रव्य फोडून अंगी लागेल असं करतात, असं म्हणतात. तपासा." सर खोलीबाहेर गेले, आणि दारातून परत डोकावले. "काम मिटवायचं मी जे म्हणालो होतो, ते विसरा."

काकांनी डोळे पुसले आणि म्हणाले, खोलीत भुशाची धूळ फार झाली आहे.

दुसऱ्या दिवशी आईची डॉक्टरांकडे तपासणी होती. थोरली सोबत गेली. डॉक्टरांनी आईच्या बोटांचे एक-एक पेर दाबून पाहिले, मग हातांचे क्ष-किरण चित्र उजेडाच्या फळीवर लावले. या एका चित्रासाठी तिने केवढी भीती सोसली होती!

डॉक्टर पुष्कळ वेळ पाहत होते. "नशीबवान आहात," ते शेवटी म्हणाले. "हाड शाबूत आहे. अजून थोडे दिवस गोळ्यांशिवाय काढले असते तर हे चित्र मला आवडलं नसतं."

"आणि सोयाबीन खाल्लेलं चालेल का?" आईने विचारले.

"जेवण म्हणून खुशाल खा. औषध म्हणून नको."

"जेवण म्हणून माझा मुलगा खात नाही, ही तर अडचण आहे."

डॉक्टर हसले. बाहेरच्या बाकावर आई आपल्या कोटाची बटणे लावू लागली. वरपासून खालपर्यंत, एकामागून एक, कोणाची मदत न घेता. थोरलीने मदतीस हात पुढे केला तो तिने बाजूस सारला. मग तिने मुलीकडे पाहिले.

"कालचं सांगितलं नाहीस. उंदरांचं काय झालं?"

थोरलीने सांगितले. जेवढे होते तेवढेच सांगितले, अधिक नाही. कोणावर परिणाम झाला, कोणावर झाला नाही, आणि माणसांपर्यंत पोचण्यास अनेक वर्षे लागतील, कदाचित पोचणारही नाही, हेही सांगितले.

"मग गोळ्या बंद करू?" आई म्हणाली.

थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला. आई खळखळून हसली. बाकावरील इतर रोगीही वळून पाहू लागले. "घाबरतेस काय वेड्यासारखी! गोळ्या मी घेतेय. तू जा, तुझं काम पडलं असेल. मला जिन्याचा कठडा नीट धरता येतो आता, मी घरी जाईन एकटी."

आणि ती खरोखरच एकटी निघाली. कठडा घट्ट धरून, एक-एक पायरी उतरून ती रस्त्यावर आली आणि वळणावरून तिने हात वर केला. थोरलीनेही हात वर केला, आणि ती प्रयोगशाळेच्या दिशेने झपझप चालू लागली.

येथे ही कथा समाप्त होते. कथा वाचून कोणीही आपल्या वैद्याने दिलेली गोळी सोडू नये, अशी लेखकाची हात जोडून विनंती आहे. मजसारख्या अल्पशिक्षिताचे लिहिणे ज्यांनी शेवटपर्यंत वाचले त्यांचा मी ऋणी आहे. यात शास्त्राची काही चूक राहिली असल्यास जाणत्यांनी ती दुरुस्त करून वाचावी, आणि काही गोड लागले असल्यास ते त्या मायलेकींचे समजावे. सर्व वाचकांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
नाना कंपोझिटर